किनारा की आतलं उपनगर? आधी जमिनीची पातळी विचारा

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच चोवीस तासांत कुलाब्यात पडला 73 मिलिमीटर. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या कुलाब्यात तो जवळपास नेहमीचा पावसाळी दिवस होता. किनाऱ्यापासून आत असलेल्या कुर्ला, कलिन्यात मात्र माणसं पोटमाळ्यावर आणि गच्चीवर बसून होती. त्याच पावसात उल्हास नदीचं पाणी कल्याण-बदलापूरच्या घरांत शिरलं होतं.

त्या दिवसाला दोन दशकं उलटली, तरी घर शोधणाऱ्यांच्या बोलण्यात जुनाच हिशेब असतो: समुद्राजवळ घेतलं तर पाण्याची भीती, आत घेतलं तर निर्धास्त. किंवा याच्या अगदी उलट: समुद्राजवळ घर म्हणजे प्रतिष्ठा, आतलं घर म्हणजे तडजोड. दोन्ही समजुती माणसाला महागात पडतात. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून निघालेल्या कुटुंबांनी बोरिवली, ठाणे, डोंबिवली वसवली. त्यांची पुढची पिढी आता वर्सोवा-माहीमकडच्या जुन्या इमारतीतला छोटा फ्लॅट आणि बदलापूरच्या नव्या टॉवरमधला मोठा फ्लॅट यांची तुलना करत बसली आहे. ही तुलना बहुतेक वेळा दर चौरस फुटामागच्या भावावर येऊन थांबते. करारनाम्यात जी रक्कम लिहिलेली असते तिच्याबाहेरही घराची किंमत असते. ती पाण्यात, खाऱ्या हवेत आणि रोजच्या प्रवासात वर्षानुवर्षं भरावी लागते. किनारा आणि आतलं उपनगर यांतली निवड या तीन ठिकाणी तपासली, तरच ती खरी निवड.

पाणी कुठून येतं?

मुंबईत पाणी तुंबतं ते केवळ समुद्र जवळ आहे म्हणून नव्हे. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की ते तुंबतं. शहरातली जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता दुप्पट करून 50 मिलिमीटरवर न्यायचं ठरलं. पण नाल्यांची समुद्राकडची बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. मोरीच्या भोकावर हात ठेवल्यावर जे होतं, तेच मोठ्या भरतीत या तोंडांचं होतं. पाऊस कितीही ओसरला तरी भरती उतरेपर्यंत पाणी आपणहून बाहेर जात नाही. 26 जुलैला दुपारी चारच्या सुमाराला 4.48 मीटरची भरती होती, हे म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखं आहे. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला इथली पंपिंग स्टेशनं नेमकी याच अडचणीसाठी बांधली गेली.

या यंत्रणेत घर नेमकं कुठे बसतं, हे नकाशावरच्या समुद्राच्या अंतरावरून कळत नाही. हिंदमाता हे समुद्रकिनाऱ्यावरचं ठिकाण नाही, तरी खोलगट असल्याने तिथे वर्षानुवर्षं पाणी भरत आलं आहे. शेवटी तिथलं पाणी साठवायला जवळच्या मैदानांखाली टाक्या बांधाव्या लागल्या. मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल यांचीही तीच गत. याउलट समुद्रासमोरच्याच पण टेकडीच्या उतारावरच्या मलबार हिलला तुंबण्याचा प्रश्न तसा नाही. तिथल्या काळज्या दरड आणि संरक्षक भिंतींच्या आहेत.

आतल्या उपनगरांत समुद्राची जागा नदी घेते. जुलै 2019 मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावं लागलं, ते पाणी उल्हास नदीचं होतं. नदीकाठच्या सोसायट्यांचे तळमजले त्या वेळी पाण्यात होते. तिथल्या कित्येक रहिवाशांनी ‘रिव्हर व्ह्यू’साठी जादा पैसे मोजलेले असणार.

नदीकाठी घर घेताना दोन रेषा माहीत हव्यात. जलसंपदा विभाग नदीची निळी आणि लाल पूररेषा आखतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने दाखवतात, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने. निळ्या रेषेच्या आत नवं निवासी बांधकाम होऊ नये आणि दोन रेषांच्या मधे ते अटींवरच व्हावं, असा नियम आहे. ‘सरासरी 25 वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आज पूर आला की 25 वर्षं सुटका, असा नाही. कर्जाच्या वीस वर्षांत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. विकास आराखड्यावर आपल्या सर्व्हे नंबरची जागा या रेषांच्या कुठल्या बाजूला येते, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारता येतं.

कागदांइतकंच जागेवरही पाहावं. पावसाळ्यात, मोठ्या भरतीच्या दिवशी, पाऊस कोसळत असताना त्या गल्लीत जावं. मोठ्या भरतीच्या तारखा पावसाळ्याआधीच वर्तमानपत्रांत छापून येतात. पावसाळा सोडून इतर वेळी गेलात तर इमारतीचा मीटर बोर्ड पाहा. तो मूळ जागेवरून उचलून छातीच्या वर नव्याने बसवला असेल, तर का, ते विचारा. तळमजल्याच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला रंगाचा वेगळा पट्टा दिसतो का, लिफ्टच्या खड्ड्यात पंप बसवला आहे का, हेही पाहा. आणि रस्ता पाहा. काँक्रिटीकरणात अनेक गल्ल्यांतले रस्ते उंच झाले आणि जुन्या इमारतींची जोती त्यांच्या मानाने खाली राहिली. अशा इमारतीच्या आवारात रस्त्यावरचं पाणी उतरतं, मग समोर समुद्र असो की डोंगर.

खाऱ्या वाऱ्याचं बिल

समुद्रकाठच्या घराचा खरा जादा खर्च असतो तो मिठाचा. काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या लोखंडी सळीवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतले क्षार ओलाव्याबरोबर हळूहळू आत झिरपतात आणि तो थर मोडतात. सळी गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून काँक्रीटला फोडतो. छज्ज्याच्या कडेला सळीच्या रेषेतच गेलेली सरळ भेग, तिच्यातून ओघळलेला तांबूस डाग, टिचकी मारल्यावर पोकळ वाजणारं प्लास्टर या तीन खुणा किनाऱ्याकडच्या जुन्या इमारतीत हमखास दिसतात. वरून रंग मारून त्या वर्षभर झाकता येतात. त्यामुळे नुकताच रंगवलेला जुना टॉवर बघताना गच्चीखालची टाकी, जिन्याचं छत आणि पार्किंगमधले खांब आधी बघावेत. तिथे रंगाचा हात सहसा पोचलेला नसतो.

2000 सालच्या आयएस 456 या भारतीय मानकाने किनाऱ्याच्या हवेला उघडं राहणारं काँक्रीट ‘तीव्र’ गटात टाकलं. त्यासाठी किमान एम-30 प्रतीचं काँक्रीट आणि सळीवर 45 मिलिमीटरचं आवरण हवं, असं सांगितलं. किनाऱ्याच्या पण आडोशाच्या जागी हेच आवरण 30 मिलिमीटर चालतं. जुन्या इमारतींना इतकी कडक अट नव्हती. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचनात्मक लेखापरीक्षण, म्हणजे आपण ज्याला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतो ते, बंधनकारक आहे. रिसेलचा फ्लॅट घेताना त्या अहवालाची प्रत सोसायटीकडे मागा. अहवालात मोठी दुरुस्ती सुचवली असेल, तर तुमच्या वाट्याला येणारी रक्कम घराच्या भावातच धरा. बँकेचा मूल्यांकनकार येऊन गेला म्हणजे तपासणी झाली, असं समजू नका. तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे की नाही, एवढंच पाहतो.

याशिवाय घरातलं बिल वेगळं. खिडक्यांचे ग्रिल, एसीचं बाहेरचं युनिट, गिझरची जोडणी, कपाटाच्या बिजागऱ्या सगळ्याला खारा वारा लागतो. समुद्राकडे तोंड करून असलेल्या एसीच्या पत्र्याच्या बारीक पट्ट्या काही वर्षांत हात लावला की भुगा होतात. ॲल्युमिनियम आणि चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील वापरलं तर त्रास कमी होतो, पण खर्च वाढतो.

उन्हाचा आणि हवेचा हिशेब

इथे किनाऱ्याची बाजू उजवी ठरते. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी उशिरा खारे वारे सुरू झाले की किनाऱ्यावरचं तापमान आटोक्यात राहतं. ते वारे आत पोचेपर्यंत कल्याण, बदलापूर, कर्जतकडे पारा कितीतरी अंश वर गेलेला असतो आणि काही दिवस तो चाळिशी ओलांडतो. हिवाळ्यातल्या गार रात्री मात्र आतल्या गावांच्या वाट्याला येतात. वरच्या मजल्याचा, पश्चिमेकडे भिंत असलेला फ्लॅट आत घेत असाल, तर विजेचं बिलही हप्त्यात धरायला हवं.

आतल्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहायची ती औद्योगिक वसाहत. डोंबिवली एमआयडीसीत मे 2016 आणि मे 2024 मध्ये रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा दूरवरच्या रहिवासी इमारतींच्या काचा फुटल्या. एमआयडीसीच्या कुंपणापासून आपलं घर किती अंतरावर आहे, आणि वारा बहुतांश कुठल्या दिशेने वाहतो, हे प्रश्न भाव कमी करण्यासाठी विचारायचे नाहीत. घरातल्या लहान मुलांसाठी आणि वृद्धांसाठी विचारायचे.

कर्ज वेळेचंही असतं

डोंबिवली मुंबईच्या मुख्य स्थानकापासून सुमारे 48 किलोमीटर, बदलापूर सुमारे 68. दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत एका वेळचा दीड तास धरा. वर्षाला 250 कामाचे दिवस धरले तर 750 तास होतात, म्हणजे दिवसरात्र मिळून 31 दिवस. वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत हे जवळजवळ पावणेदोन वर्षं होतं. आतल्या घरात एक खोली जास्त मिळते ती या वेळेच्या बदल्यात. पती-पत्नी दोघंही नोकरी करत असतील तर हिशेब दुप्पट होतो, आणि पाळणाघर बंद व्हायच्या आधी धावत पोचायचा ताण बहुतेक घरांत आईच्या वाट्याला येतो. हप्ता किती बसतो हे आपण पैपैने काढतो. हा हिशेब मात्र कुणी कागदावर मांडत नाही, आणि मला याचीच सर्वात जास्त खंत वाटते.

प्रकल्पांच्या जाहिरातींत ‘येऊ घातलेली मेट्रो’ असते. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 2014 साली, अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये आणि कोस्टल रोडचा पहिला टप्पा मार्च 2024 मध्ये सुरू झाला. या सोयी आल्या आणि त्यांनी प्रवास बदलला, यात वाद नाही. पण त्यांच्या घोषणेपासून पहिला प्रवासी बसेपर्यंत बराच काळ गेला. घर आज धावणाऱ्या गाडीच्या भरवशावर घ्यावं. येणारी मेट्रो आली तर तो लाभ, नाही आली तरी संसार चालला पाहिजे.

कागद दोन्हीकडे तपासायचे

सागरी किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा, नियम फक्त समुद्रासमोरच्या घरांना लागतो, असं अनेकांना वाटतं. भरतीचं पाणी जिथवर शिरतं त्या खाड्यांनाही तो लागतो. ठाणे खाडी आणि उल्हास खाडीच्या काठची ठाणे, मुंब्रा, डोंबिवली, कल्याणची जमीन त्यात येऊ शकते. खारफुटी आणि तिच्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टा यांनाही उच्च न्यायालयाच्या आदेशांचं संरक्षण आहे. 

महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांक असला की झालं, हाही समज सोडायला हवा. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेली होती. त्यामुळे बांधकाम परवानगीचा क्रमांक महापालिकेत जाऊन स्वतः पडताळावा आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नये. घरविमाही काढावा. 2021 पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते आणि तिच्यात पूर-वादळाचं नुकसान धरलेलं आहे. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, बाजारभावावर नाही, त्यामुळे हप्ता वाटतो तेवढा मोठा नसतो.

मग कुणी कुठे घ्यावं?

दोघांचीही नोकरी दक्षिण किंवा पश्चिम मुंबईत असेल आणि घरात दमेकरी किंवा उन्हाचा त्रास होणारे वृद्ध असतील, तर किनाऱ्याकडचं लहान घर मोठ्या आतल्या घरापेक्षा चांगलं. फक्त इमारत एक-दोन ओळी आत असावी, तिला समुद्राची हवा मिळावी पण तुषार लागू नयेत, आणि जोतं रस्त्यापेक्षा उंच असावं. काम ठाण्यात, नवी मुंबईत किंवा घरूनच असेल, मुलांना मोकळी जागा हवी असेल, तर आतलं उपनगर घ्यावं. ते मात्र लाल पूररेषेच्या बाहेर, एमआयडीसीपासून लांब आणि स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागी. यांतलं काहीच बसत नसेल, तर दोन वर्षं त्याच भागात भाड्याने राहून बघणं हा शहाणपणाचा खर्च आहे.

घर घेणाऱ्या माणसावर एवढी शोधाशोध टाकणं अन्यायाचंच आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या महारेरा पानावर भूखंडाची पातळी, जोत्याची उंची आणि पूररेषेपासूनचं अंतर ठळकपणे छापणं शासनाला अवघड नाही. अभियंत्यांकडे हे आकडे असतातच, ते लोकांपर्यंत पोचवायला हवेत. हा नियम होईपर्यंत आग्रह आपणच धरायचा. जमिनीची पातळी, ऑडिटचा अहवाल, पूररेषा आणि सीआरझेड हे चार प्रश्न टोकन देण्याआधी लेखी विचारा. लेखी उत्तर मिळत नसेल, तर टोकन देऊ नका.