उन्हात बंद पडणारी मोटारसायकल : आधी निदान, मग खर्च

(शेतकी विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खते आणि कीड-रोग यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे. उन्हाळा तापू लागला की गट ऑफिसात येणारे सभासद उसाचे बोलून झाल्यावर हळूच विचारतात, "साहेब, गाडी भर उन्हात मधेच बंद पडते. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा चालू होते. मिस्त्रीकडे नेली तर तिथे काहीच होत नाही. काय करावे?"

हा प्रश्न नुसत्या हौशी मंडळींचा नाही. आपला मुलूख धानाचा. त्यात उसाचे प्लॉट विखुरलेले. अर्जुनी मोरगावकडून गोठणगाव, प्रतापगड, इटियाडोहच्या बाजूला जायचे तर मोटारसायकलशिवाय आमचे पान हलत नाही आणि तुमचेही नाही. काही रस्ते जंगलाच्या कडेने जातात. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली घोषित झाला, तो याच पट्ट्यात आहे. दिवस मावळताना, मागे बायको-लेकरू बसलेले असताना अशा रस्त्यावर गाडी रुसली म्हणजे काय होते, ते ज्याचे त्याला ठाऊक. हमरस्त्यावर भरलेली ट्रॉली मागे असताना इंजिन गप्प झाले तर जिवाशीच गाठ आहे.

गाडी नवी, म्हणून रोगही नवा

अलीकडे आपल्या सभासदांच्या मुलांनी उंच, लांब शॉकॲब्सॉर्बरच्या, रानवाटेवर चालणाऱ्या गाड्या घेतल्या आहेत. यांना 'ॲडव्हेंचर' गाड्या म्हणतात. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आणि हिरोची एक्सपल्स २०१९ साली बाजारात आली. पांदण रस्त्याला या गाड्या सोयीच्या, यात शंका नाही. परंतु १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर बहुतेक सर्व नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. आता पेट्रोल टाकीतला विजेचा पंप दाब देतो, इंजेक्टर ते फवारतो आणि सगळा हिशेब ईसीयू नावाची संगणकाची पेटी ठेवते. त्या पेटीला खबर देणारे सेन्सर जागोजागी बसवलेले असतात. जुन्या गाडीला प्लग घासला, कार्बोरेटर फुंकला की काम भागत असे. येथे तसे भागत नाही.

मुख्य सूत्र

अधूनमधून येणारा दोष हा पाळीच्या तापासारखा असतो. रोगी दवाखान्यात पोचेपर्यंत ताप उतरलेला असतो. गाडीचेही तसेच आहे. गरम असताना जो भाग दगा देतो, तोच भाग थंड झाल्यावर अगदी ठणठणीत दिसतो. म्हणून थंड गाडी तपासून फारसे काही हाती लागत नाही. गाडी बंद पडल्या जागी, बंद पडल्या क्षणी जे दिसते तेच खरे निदान. बाकी सगळा अंदाज, आणि अंदाजाचे पैसे खिशातून जातात.

प्रतापगडच्या बाजूच्या एका सभासदाच्या चिरंजीवांच्या गाडीचे असेच झाले होते. दुपारी पंचवीस-तीस किलोमीटर गेले की इंजिन एकदम बंद. प्लग बदलला, बॅटरी बदलली, एअर फिल्टर बदलला, तरी दुखणे कायम. कोणी म्हणाले इथेनॉलच्या पेट्रोलाने केले. आम्ही त्यांना इतकेच सुचवले, की नवा पार्ट घेण्यापूर्वी दोन रुपयांची वही घ्या. गाडी बंद पडली की वेळ, किती किलोमीटर झाले, टाकीत पेट्रोल किती, दिवे लागतात का, पंपाचा आवाज येतो का, आर.पी.एम.चा काटा काय करतो आणि किती मिनिटांनी गाडी पुन्हा चालू झाली, एवढे त्यात लिहा.

सात नोंदी झाल्या. सातही भर दुपारच्या. दिवे व्यवस्थित, किल्ली फिरवताच पंपाचा आवाज येई. परंतु सेल्फ मारताना काटा शून्यावरून हलत नसे. वीस-पंचवीस मिनिटांनी काटाही हले आणि गाडीही चालू होई. एवढ्यावरून मिस्त्रीने बरोबर जागेवर बोट ठेवले. इंजिनाच्या फिरण्याची खबर ईसीयूला देणारी पिकअप कॉइल त्याने गरम असतानाच मीटर लावून तपासली. आतील तार तापल्यावर सुटत होती, थंड झाल्यावर पुन्हा जुळत होती. एक कॉइल बदलली आणि काम झाले. आधी बदललेल्या तिन्ही वस्तूंचा खर्च मात्र गेला तो गेलाच.

थांबल्या जागी दहा मिनिटांची तपासणी

प्रथम क्लच दाबून, वेग असेपर्यंत गाडी डाव्या बाजूला रस्त्याखाली घ्यावी. इंडिकेटर लागत असेल तर लावावा. मग पुढील क्रमाने पाहावे.

१. सगळेच बंद झाले का? हेडलाइट, हॉर्न, मीटर सर्व गप्प असेल तर बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज, किल्लीचा स्विच किंवा अर्थिंगची तार ढिली समजावी. खडबडीत रस्त्याने टर्मिनलचे बोल्ट सैल होतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवले असता दिवे विझत असतील तर हँडलाजवळची वायर घासली आहे.

२. साइड स्टँडचा दिवा पाहा. स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद व्हावे, अशी सोय बहुतेक नव्या गाड्यांत आहे. तो स्विच चिखल-धुळीने भरला की स्टँड वर असूनही इंजिन बंद करतो. खड्ड्यात आपटताच गाडी बंद पडते, न्यूट्रलमध्ये चालते आणि गिअर टाकताच मरते, ही त्याची खूण. गाडी आडवी पडल्यास इंजिन बंद करणारा सेन्सरही असतो. तो सैल झाला तरी असाच चकवा देतो.

३. टाकीचे झाकण उघडा. 'फुस्स' आवाज करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातील हवेचे छिद्र किंवा त्याची नळी बुजली आहे. पेट्रोल जाते तेवढी हवा आत आली नाही तर टाकीत पोकळी होते व पेट्रोल उतरेनासे होते. टाकीवर बॅग किंवा प्लास्टिक बांधणाऱ्यांनी हे आधी पाहावे. झाकण उघडताना विडी-सिगारेट जवळ नको. इंजिन तापलेले असते, म्हणून बेताने उघडावे.

४. पंपाचा आवाज ऐका. किल्ली चालू करताच दोन-तीन सेकंद बारीक घूं आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज तपासावा. टाकीतला पंप पेट्रोलानेच थंड राहतो. उन्हाळ्यात रिझर्व्हवर गाडी पळवण्याची सवय पंपाला मारक आहे. पाव टाकी तरी ठेवावी.

५. काटा पाहा. चालत्या गाडीत इंजिन मेले, चाक अजून फिरते आहे, गाडी गिअरमध्ये आहे, क्लच दाबलेला नाही, आणि तरीही काटा झटकन शून्यावर आला, तर पिकअप कॉइल, तिची वायर वा ईसीयूचा करंट यांवर संशय घ्यावा. आधी धक्के खाल्ले, दम तुटल्यासारखे झाले आणि मग बंद पडली, तर संशय पेट्रोलकडे न्यावा.

६. तापमान पाहा. रेडिएटर असलेल्या गाडीत पंखा फिरतो का, जाळीत चिखल किंवा तणसाचा भुसा अडकला आहे का, ते बघावे. बैलगाडी, ट्रॉली किंवा महाशिवरात्रीच्या यात्रेच्या गर्दीमागे पहिल्या गिअरवर गाडी रांगते तेव्हा वारा लागत नाही आणि इंजिन तापते. ऑइलची पातळी थंड झाल्यावर पाहावी. चालताना ठीक आणि थांबताच गचके खाऊन बंद, असे फक्त गरम असतानाच होत असेल तर व्हॉल्व्हचे अंतर कमी झाले असेल किंवा थ्रॉटल बॉडी काजळली असेल.

मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर तेही लिहून ठेवावे. वर्कशॉपात यंत्र लावून साठवलेला कोड वाचता येतो. कोड वाचण्यापूर्वी बॅटरीची तार काढू नये, नाहीतर काही गाड्यांत आयता पुरावा पुसला जातो.

आणखी एक युक्ती मिस्त्रीला सांगावी. थंड गाडी चालू ठेवून, केस वाळवायच्या यंत्राने एकेक भाग बेताने तापवायचा. आधी पिकअपची वायर, मग इग्निशन कॉइल, मग रिले. पेट्रोलच्या नळीजवळ हे यंत्र नेऊ नये. जो भाग तापताच इंजिन दगा देते, तो चोर. रस्त्यावर ताप येण्याची वाट पाहण्यापेक्षा वर्कशॉपात ताप आणलेला बरा.

इथेनॉलविषयी दोन शब्द

हा विषय आपल्या घरचा आहे. २००१ साली मिरज आणि मनमाड येथे इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे प्रयोग झाले. २०२२ साली देशात १० टक्के मिश्रण गाठले गेले आणि २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल येऊ लागले. उसाच्या भावाला त्याचा आधार आहे. म्हणून इथेनॉलची आंधळी बाजू घेणे बरोबर नाही, तसेच गाडी बंद पडली की इथेनॉलला फासावर देणेही बरोबर नाही.

खरे काय ते असे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक-तृतीयांशाने कमी, म्हणून मायलेज काहीसे घटते. ते पाणी ओढते. टाकीत पाणी गेले तर इथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळा थर बसतो आणि गाडी धक्के खाते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व वॉशर त्याने लवकर खराब होऊ शकतात, ते बदलावेत. उन्हात इंधनाची वाफ होऊन नळीत अडणे हे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत घडते. टाकीतल्या पंपाच्या दाबाखाली चालणाऱ्या गाडीत त्याची शक्यता फार कमी.

याची परीक्षा सोपी आहे. मिस्त्रीने बंद पडल्या क्षणी जादा प्लग जोडून, त्याचे धातूचे अंग इंजिनाला घट्ट टेकवून ठिणगी पाहावी. ठिणगीच नसेल तर पेट्रोल निर्दोष आहे. ठिणगी असेल तर थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर पाणी शिरले आहे, टाकी साफ करावी. थर नसतील तर पंप, फिल्टर आणि झाकण यांकडे वळावे.

हे करू नये

तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. साइड स्टँडचा स्विच कायमचा जोडून टाकू नये, कारण स्टँड खाली राहून वळणावर गाडी उलटते. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालू नये. आणि दोष सापडल्याशिवाय एकही पार्ट बदलू नये.

पान पिवळे पडले की आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. आधी खोड चिरून आत अळी आहे का ते पाहतो, मुळाशी पाणी साचले आहे का ते पाहतो. हीच शिस्त गाडीला लावावी. वही व पेन सीटखाली ठेवावे आणि चार-पाच नोंदी झाल्या की त्या घेऊनच मिस्त्रीकडे जावे. नोंदी कशा ठेवाव्यात हे समजून घ्यायचे असेल त्यांनी गट ऑफिसात आम्हांस भेटावे, आम्ही दाखवू. मे महिन्याचे ऊन लागण्यापूर्वी टाकीचे झाकण, बॅटरीचे टर्मिनल आणि साइड स्टँडचा स्विच या तीन गोष्टी प्रत्येकाने एकदा घरीच साफ करून घ्याव्यात, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी