रहस्यकथेचे दुसरे वाचन

रहस्यकथा ही एकदाच वाचावयाची वस्तू आहे, असा समज आपल्याकडे बराच दृढ झालेला आहे. खून कोणी केला हे कळेपर्यंत पुस्तक हातातून सुटत नाही आणि कळल्यावर ते पुन्हा हातात धरवत नाही. रस काढून घेतलेल्या उसाच्या चिपाडासारखी त्याची अवस्था होते, असे मानले जाते. रहस्यकथेस वाङ्मयाच्या पंक्तीत पाट न मांडण्याचे कारणही बहुधा हेच सांगण्यात येते. पुनःपुन्हा आस्वाद घेऊनही जे शिळे होत नाही ते साहित्य, ही आपली जुनी कसोटी. आणि या कसोटीस रहस्यकथा उतरत नाही, असा निकाल फारशी चौकशी न करता देऊन टाकलेला असतो.

नवल असे की, रहस्यकथेच्या चाहत्यांनीही हा निकाल मुकाट्याने मान्य केलेला दिसतो. इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ साली या विषयावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात त्यांनी आपले हे वाचन तंबाखू किंवा मद्य यांच्या व्यसनासारखे असल्याची कबुली दिली आणि एकदा संपलेली कथा आपण तत्काळ विसरतो, ती पुन्हा वाचण्याची इच्छाही होत नाही, असे नमूद केले. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी तर १९४४ व १९४५ साली लिहिलेल्या लेखांत या सर्व प्रकाराची मनसोक्त टर उडवली होती. विल्सन यांचा राग समजू शकतो. त्यांना हे वाङ्मय मुळातच आवडत नव्हते. ऑडेन यांची साक्ष मात्र अडचणीची आहे, कारण ती घरच्या माणसाची साक्ष आहे.

प्रस्तुत लेखकास या साक्षीविषयी शंका येण्यास एक क्षुल्लक प्रसंग कारण झाला. विद्यार्थिदशेत एका वाचनालयातून ॲगाथा ख्रिस्ती यांची, रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाविषयीची १९२६ सालची कादंबरी मी घरी आणली होती. आरंभीच्या काही पृष्ठांतच कोण्या परोपकारी वाचकाने एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात लिहून ठेवले होते, ‘हाच खुनी’. रहस्यकथेच्या वाचकांस या जातीच्या उपद्रवाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. पुस्तक परत करावयाचे, तर दुसऱ्या दिवशी वाचनालय बंद. आणि घरात दुसरे वाचावयास काही नाही. तेव्हा चरफडतच पुढे वाचू लागलो. पहिली काही प्रकरणे ती चरफड टिकली. नंतर केव्हा तरी ध्यानात आले की, आपण नेहमीपेक्षा सावकाश वाचत आहो, एकेक वाक्य थांबून पाहत आहो, आणि आपणांस आनंद होत आहे. हा आनंद कशाचा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

त्याचे उत्तर शोधण्यास मला पाश्चात्त्य समीक्षेपेक्षा न्यायशास्त्राचे अधिक साहाय्य झाले. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिले दोन येथे प्रस्तुत आहेत. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार कारणावरून कार्याचा तर्क करणे हे ‘पूर्ववत्’ अनुमान. ढग दाटून आलेले पाहून पाऊस पडेल असे आपण म्हणतो. कार्यावरून कारणाकडे जाणे हे ‘शेषवत्’. नदीला पूर आलेला पाहून वर कोठेतरी पाऊस पडून गेला, असे आपण म्हणतो. रहस्यकथेचा सारा व्यवहार या दुसऱ्या प्रकारचा आहे. कथेच्या आरंभी पूर आलेला असतो, म्हणजे प्रेत पडलेले असते, आणि पाऊस कोठे पडला ते शोधावयाचे असते. थरारकथेत याच्या उलट ढग आधी दाखवले जातात. स्वेतान तोदोरॉव्ह यांनी १९६६ साली गुप्तहेरकथेचे वर्गीकरण करताना नेमका हाच भेद मांडला. कार्याकडून कारणाकडे जाणारे कुतूहल आणि कारणाकडून कार्याकडे जाणारी उत्कंठा, असे दोन वेगळे रस त्यांनी कल्पिले. त्यांस न्यायसूत्रे ठाऊक होती असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. विचाराची वाटच तशी आहे, इतकेच.

परंतु न्यायसूत्रांतील खरी मौज पुढे, दुसऱ्या अध्यायात आहे. तेथे आक्षेपक उभा राहून म्हणतो की, अनुमान हे प्रमाणच नव्हे, कारण ते चुकते. नदी फुगलेली दिसली तरी पाऊस पडलाच असेल असे नाही. कोणी तिला बांध घातला असेल. मुंग्या अंडी घेऊन बाहेर निघाल्या म्हणून पाऊस येणार असे नाही. कोणी त्यांचे वारूळ मोडले असेल. मोराचा केकारव ऐकू आला म्हणून तेथे मोर आहे असे नाही. एखादा मनुष्य मोराचा आवाज काढीत असेल. ही तीन उदाहरणे वाचताना, सूत्रकाराने तीन रहस्यकथांची संविधानकेच टिपून ठेवली आहेत की काय, असा भास होतो. मोराचा आवाज काढणारा मनुष्य तर कोणत्याही गुप्तहेरकथेत शोभून दिसेल. वाचकाची दिशाभूल करणाऱ्या खोट्या दुव्यास इंग्रजी लेखकांनी एका खारवलेल्या माशाचे नाव दिले आहे; आपल्याकडे त्यासाठी ‘हेत्वाभास’ हा कितीतरी नेमका शब्द आधीच आहे.

या आक्षेपास दिलेले उत्तर अधिक मोलाचे आहे. भाष्यकार म्हणतो की, दोष अनुमानाचा नाही, पाहणाऱ्याचा आहे. पावसाने आलेला पूर आणि बांधाने तुंबलेले पाणी ही एकसारखी नसतातच. पावसाच्या पुराला ओढ असते, त्यावर फेस असतो, त्यातून फळे, पाने, लाकडे वाहत येतात. हे सर्व समोर असताना ज्याने केवळ ‘पाणी वाढले’ इतकेच पाहिले, त्याने लक्षणच नीट पाहिले नाही.

माझ्या मते, रहस्यकथेच्या आनंदाचे मर्म या फेसात व पानांत आहे. चांगल्या रहस्यकथेत लेखक आपणांस फसवतो. परंतु खोटे सांगून नव्हे. फेस त्याने दाखवलेला असतो, आपण तो पाहिलेला नसतो. इंग्लंडमधील लेखकांस याची पुरती जाणीव होती. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत आरंभीच आला पाहिजे आणि शोधकाच्या हाती लागलेला दुवा वाचकापुढेही तत्काळ मांडला पाहिजे, हे त्यांपैकी दोन. १९३० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लबात प्रवेश घेणाऱ्या लेखकास, आपण दैवी साक्षात्कार, योगायोग वा मंत्रतंत्र यांचा आधार घेणार नाही आणि महत्त्वाचा दुवा वाचकापासून लपवणार नाही, अशी शपथ घ्यावी लागे. त्या शपथविधीत थट्टेचा भाग पुष्कळ होता. पण थट्टेमागे एक करार होता. कोणत्याही अन्य वाङ्मयप्रकारात लेखकाने वाचकाशी इतका उघड करार केलेला मला माहीत नाही.

या करारामुळेच ॲक्रॉइडची कथा प्रसिद्ध होताच वादंग माजले. ख्रिस्तीबाईंनी वाचकाचा विश्वासघात केला, असे अनेकांस वाटले. डोरोथी सेअर्स यांनी त्यांची बाजू घेतली. प्रत्येकावर संशय घेणे हे वाचकाचे कर्तव्यच आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी मी येथे खुन्याचे नाव देत नाही. अभ्यासकाने असले सोवळे पाळू नये, असे काही सहकारी म्हणतील. पण पेन्सिलवाल्या वाचकाच्या पंक्तीस बसण्याची माझी तयारी नाही. वादाचा निर्णय मात्र पहिल्या वाचनाने होऊच शकत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. लेखिकेने खोटे सांगितले की आपण पाहिले नाही, हे ठरवावयाचे तर मागे जाऊन वाक्य अन् वाक्य तपासावे लागते. म्हणजे दुसरे वाचन ही येथे रसिकाची हौस नाही. करार पाळला गेला की नाही, याची ती तपासणी आहे.

ही तपासणी करू लागले की, पुस्तक पालटते. पहिल्या वाचनात जे वाक्य केवळ माहिती देऊन पुढे सरकले, तेच आता दोन अर्थांनी उभे राहते. एक अर्थ अजाण वाचकासाठी, दुसरा जाणत्यासाठी, आणि दोन्ही खरे. ॲक्रॉइडच्या कथेत एके ठिकाणी दोन साध्या वाक्यांच्या मधल्या फटीत सगळे रहस्य बसलेले आहे. त्या फटीवरून पहिला वाचक निर्धास्त पुढे जातो. माझ्या पुस्तकात पेन्सिलीची खूण असल्यामुळे मी तेथे थबकलो, आणि एकही शब्द खोटा न घालता ही फट कशी ठेवली आहे, ते पाहून थक्क झालो. श्लेषाचा आनंद ज्यांनी घेतला आहे त्यांस हा आनंद परका वाटणार नाही. १९९८ साली पिएर बायार या फ्रेंच प्राध्यापकाने तर, या कादंबरीतील शोधक प्वारो याचाच निष्कर्ष चुकला असून खरा खुनी निराळा आहे, असा प्रबंध लिहिला. त्याचे म्हणणे मला पटत नाही. परंतु ज्या पुस्तकाची बहात्तर वर्षांनी अशी फेरतपासणी होते ते चिपाड नव्हे, एवढे तरी कबूल करावे लागेल.

दुवा नेहमी असलेल्या वस्तूचाच असतो असेही नाही. कॉनन डॉयल यांच्या १८९२ सालच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत, रात्री कुत्रा भुंकला नाही ही गोष्टच निर्णायक ठरते. भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानले, नैयायिकांनी ते नाकारले. वर्गात हा वाद शिकवताना शेरलॉक होम्सला साक्षीस बोलावण्यास हरकत नसावी.

रहस्य आधी कळल्याने गोडी जाते का, याविषयी प्रयोगही झाले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठातील लेविट व क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांस किंचित अधिकच आवडल्या. त्यांत रहस्यकथाही होत्या. पुढे इतरांनी केलेल्या काही प्रयोगांत याच्या उलट निष्कर्ष निघाले. प्रस्तुत प्रश्नावर या प्रयोगांचा प्रकाश फारसा पडतो असे मला वाटत नाही. प्रयोगशाळेत हाती दिलेली लघुकथा वाचणारा मनुष्य आणि रात्री जागून कादंबरी संपवणारा व्यसनी वाचक, हे दोन निराळे प्राणी आहेत.

आता मराठीकडे वळणे आवश्यक आहे, कारण वरील विवेचनाने आपल्या रहस्यकथेवर अन्याय होण्याचा संभव आहे. बाबुराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची पात्रे महाराष्ट्रातील कित्येक घरांत आप्तेष्टांइतकी परिचित होती. या पुस्तकांस नॉक्सचे नियम लावू गेल्यास बहुतेक पुस्तके नापास होतील. दुवे नीट मांडलेले नाहीत, योगायोग पदोपदी आहेत, शेवटी उलगडा होतो तो तर्काने कमी आणि साहसाने अधिक. पण ही तक्रार चुकीच्या दारात नेलेली आहे. अर्नाळकरांचे बळ ‘पूर्ववत्’ जातीचे आहे. तेथे ढग आधी दिसतात. झुंजार कोणत्या सापळ्यात शिरत आहे हे वाचकास ठाऊक असते, आणि तो सुटणार हेही ठाऊक असते; तरीही श्वास रोखला जातो. हिचकॉक यांनी त्रुफो यांच्याशी झालेल्या संवादात, जो १९६६ सालीच ग्रंथरूपाने आला, हे तत्त्व एका उदाहरणाने सांगितले आहे. मेजाखालचा बाँब अचानक फुटला तर प्रेक्षकास पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. तो तेथे आहे हे आधी सांगितले तर पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते. येथे अज्ञानाची आवश्यकताच नाही. किंबहुना, माहिती हेच उत्कंठेचे इंधन आहे.

मग अर्नाळकरांचे दुसरे वाचन कोणते? एकच पुस्तक पुन्हा वाचणारा त्यांचा वाचक मला क्वचितच भेटला आहे. तो दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन पुढचे पुस्तक आणत असे. परंतु त्या पुढच्या पुस्तकात तोच झुंजार, तीच मुंबईची रात्र, तेच संकट व तीच सुटका असे. आणि तसे ते असावे, हीच वाचकाची अपेक्षा होती. कीर्तनास येणाऱ्या श्रोत्यास आख्यान ठाऊक असते, तसेच हे. पुनर्वाचन येथे एका पुस्तकाचे न होता मालिकेचे होते, आणि म्हणून एखादे पुस्तक हाती घेऊन त्याची परीक्षा करणे व्यर्थ आहे. शंभर-दोनशे पुस्तके ओळीने वाचावी लागतील. कोणते घटक टिकतात, कोणते गळतात, झुंजारची भाषा कोणत्या वर्षांत पालटते, हे पाहावे लागेल. अडचण इतकीच की, ही पुस्तके स्वस्त कागदावर छापलेली, भाड्याने फिरून फिरून खिळखिळी झालेली, आणि ग्रंथालयांनी जपण्यायोग्य न मानलेली अशी आहेत. विभागातील एखाद्या विद्यार्थ्यास हे काम करावयाचे असल्यास त्याने आरंभ आपल्या आजोळच्या माळ्यापासून करावा. समासात पेन्सिलीच्या खुणा आढळल्या तर त्या खोडू नयेत. त्यांचीही नोंद करावी.