एकशेतीस प्रयत्न, शून्य भेटी

मानसशास्त्राच्या इतिहासातला एक अफलातून प्रयोग प्रयोगशाळेत झालाच नाही. तो झाला न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनच्या बाकांवर. प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग चालला होता तो, दोघेही एकच: 19 वर्षांचा अल्बर्ट एलिस.

मूत्रपिंडाच्या विकारामुळे बालपणीचा बराच काळ रुग्णालयात काढलेला हा मुलगा कमालीचा बुजरा होता. मुलींशी बोलायचं म्हटलं की त्याची वाचाच बसायची. शेवटी त्याने स्वतःलाच फर्मान काढलं. महिनाभर बागेत जायचं, बाकावर एकटी मुलगी दिसली की तिथेच बसायचं आणि मिनिटभरात बोलायला लागायचं. अशा 130 जणी झाल्या. तिसेक जणी तडक उठून गेल्या. उरलेल्या शंभरेक जणींशी त्याच्या गप्पा झाल्या. पुन्हा भेटायला एकच तयार झाली, आणि तीही आली नाही!

पदरात काहीच पडलं नाही, पण भीती पळाली. हे कसं घडलं? भीतीदायक गोष्ट टाळली की क्षणभर हायसं वाटतं आणि मन तेवढाच धडा घेतं: टाळलं म्हणून वाचलो. ‘नकार मिळाला तर आपण संपलो’ हे भाकीत खोटं ठरायला संधीच मिळत नाही. एलिसने ती संधी 130 वेळा दिली. नकार खरे होते, पण आकाश काही कोसळलं नाही. म्हणजे तो ज्याला भीत होता ते मुलींकडे नव्हतंच. ते त्याच्या स्वतःच्या भाकितात होतं.

तरीही तो लगेच मानसशास्त्राकडे वळला नाही. 1934मध्ये त्याने वाणिज्याची पदवी घेतली, कादंबऱ्या लिहिल्या; त्या कुणी छापल्या नाहीत. स्त्री-पुरुष संबंधांवर लिहायचं म्हणून त्याने पुस्तकांचा फडशा पाडला, तेव्हा मित्रच त्याच्याकडे सल्ला मागायला येऊ लागले. सल्ला देण्यात आपल्याला गोडी आहे, हे त्याला तिथे उमगलं. 1947मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, पुढे मनोविश्लेषणाचं प्रशिक्षणही झालं. पण आपल्या बालपणाचा उलगडा झालेले रुग्णसुद्धा फारसे बदलत नाहीत, हे त्याला खटकत राहिलं.

मग त्याने एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाचा विचार हाताशी धरला: माणसाला अस्वस्थ करतात त्या घटना नव्हेत, तर घटनांबद्दलची त्याची मतं. 1955च्या सुमारास एलिसची उपचारपद्धती उभी राहिली. घटना, तिच्याविषयीची धारणा आणि त्यातून उपजणारी भावना, अशी तिची मांडणी आहे. ‘होकार मिळाला तर बरं’ या इच्छेतून नकारानंतर खंत वाटते. ‘मिळालाच पाहिजे’ या हट्टातून माणूस खचतो. म्हणून हट्ट उकलायचा, आणि तोही नुसत्या चर्चेने नाही, कृतीने. एलिस रुग्णांना चक्क गृहपाठ द्यायचा!

हीच विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती. एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करणाऱ्या मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती भारतात रुजवली, आणि अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने ती मराठी घरांत पोचवली. एलिस 2007मध्ये, वयाच्या 93व्या वर्षी गेला. बुजरेपणा ही त्याच्या वाटेतली धोंड होती खरी. पण ती कशी सरकते हे स्वतःवर पारखून घेतल्यामुळेच तो इतरांना ठामपणे सांगू शकला की आधी धीर येईल आणि मग पाऊल उचलू, अशी वाट पाहत बसू नका. पाऊल उचललं की धीर मागून येतो.