२०१७ चा आयएसएल ड्राफ्ट: पुणे-मुंबईच्या हातून राहुल भेके कसा निसटला?

आयपीएलचा लिलाव जळगाव-धुळ्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. फुटबॉलमध्ये मात्र २३ जुलै २०१७ ला मुंबईत जे झालं, तो लिलाव नव्हता, ड्राफ्ट होता. दोन्हींत फरक काय?

बाजार समितीत मालावर बोली चढत जाते, तो लिलाव. गल्लीत दोन कॅप्टन आळीपाळीने एकेक पोरगा मागून घेतात, तो ड्राफ्ट. इथे पैसा आधीच ठरलेला असतो. खिसा कितीही जड असो, पाळी येईपर्यंत गप्प बसायचं आणि आपल्या मनातलं नाव दुसऱ्याने घेतलं तर हात चोळायचे. ही पद्धत अमेरिकन फुटबॉलची, १९३६ पासूनची. तिथल्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला जे बर्वँगर त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. म्हणजे ड्राफ्टचे अंदाज चुकणं हे अगदी पहिल्या दिवसापासूनचं आहे.

आपल्याकडे ड्राफ्टची वेळ का आली? तोवर खेळाडू इंडियन सुपर लीग (आयएसएल) संपली की आय-लीगच्या क्लबकडे जायचे. २०१७ च्या हंगामापासून दोन्ही लीग एकाच वेळी भरणार होत्या, त्यामुळे एकीची निवड करणं भाग पडलं. आयएसएलचे संघ दहा झाले. प्रत्येकाला मोजके जुने खेळाडू राखता आले, बाकी भारतीय खेळाडू या ड्राफ्टमधून घ्यायचे होते. परदेशी खेळाडूंचा व्यवहार वेगळा.

सगळ्यात महाग दोघं होते: अनस एडथोडिका आणि युजिनसन लिंगडोह, प्रत्येकी १ कोटी १० लाख. अनसला पहिल्याच पाळीत जमशेदपूरने घेतलं, लिंगडोहला कोलकात्याच्या एटीकेने. लिंगडोह दुखापतीमुळे त्या हंगामात फारसा खेळलाच नाही आणि एटीके दहा संघांत नववा आला.

आता आपल्या दोन संघांकडे येऊ. एफसी पुणे सिटीच्या निवडीला मी तेव्हा नाकं मुरडली होती. यादीत ओळखीची नावं कमी होती. त्यातच आदिल खान होता, गोव्याचा. माझ्या लेखी तो आपले चांगले दिवस मागे टाकून आलेला खेळाडू. त्याच आदिलने चेंडू अडवण्याचं काम करता करता त्या हंगामात गोलही केले. पुढे २०१९ मध्ये कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध शेवटच्या मिनिटांत हेडर मारून त्याने भारताला १-१ अशी बरोबरी मिळवून दिली. त्याच्याबद्दल मी साफ चुकलो. पुणे चौथं आलं आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचलं. अर्थात त्यात मार्सेलिन्हो आणि अल्फारो या परदेशी जोडीचा वाटा मोठा होता, त्याचे गुण ड्राफ्टच्या खात्यात टाकता येत नाहीत. बालेवाडीत बंगळुरूशी ०-० आणि बंगळुरूत १-३. तिन्ही गोल सुनील छेत्रीचे.

त्या बंगळुरूच्या संघात राहुल भेके होता. सल तो इथे आहे. भेके मुंबईचा, मराठी पोरगा. २०१६ ला तो पुण्याकडूनच आयएसएल खेळलेला, म्हणजे पुण्याला तो काही अनोळखी नव्हता. ड्राफ्टमध्ये मात्र त्याला बंगळुरूने उचललं. मुंबई सिटीने राजू गायकवाड घेतला, तोही मराठीच, पण मुंबई त्या वर्षी सातव्या नंबरावर राहिली. पाळी कधी येते यावर बरंच काही असतं हे मला कळतं. तरी खानदेशातून टीव्हीवर सामने बघणाऱ्याला असं वाटणारच, की आपली पोरं आपल्याच दोन संघांना दिसत कशी नाहीत?

१७ मार्च २०१९. अंधेरीच्या मैदानावर आयएसएलचा अंतिम सामना, बंगळुरू विरुद्ध गोवा. जादा वेळेतही ११६ मिनिटं गोल नाही. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. मुंबईच्या पोराने मुंबईत बंगळुरूला पहिल्यांदा आयएसएल जिंकून दिली. त्याच वर्षी पुण्याचा क्लब बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली.

मुंबई सिटीने भेकेला आणलं ते २०२१ मध्ये. तोवर ड्राफ्टही इतिहासजमा झाला होता, क्लब थेट करार करू लागले होते. एप्रिल २०२२ मध्ये त्याच्याच हेडरवर मुंबईने इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून मुंबईने आयएसएल चषक उचलला, तेव्हा कॅप्टन भेकेच होता.

धुळ्याच्या मित्राचा त्या रात्री फोन आला. "काय भो, सात वर्षं उशिरा का होईना!" त्यानंतर काही महिन्यांतच भेके परत बंगळुरूला गेला.