राहिलेल्यांची वही

शिबिराच्या दिवशी सगळ्यात आधी लागते ती दोरी. सहा मीटर लांबीची, दोन्ही टोकांना गाठ मारलेली. निपाणी भागातल्या एखाद्या गावच्या शाळेत सकाळी लवकर पोचायचं, व्हरांड्यात दोरी ताणायची, एका टोकाला भिंतीवर तक्ता लावायचा आणि दुसऱ्या टोकाला खडूनं रेघ मारून खुर्ची ठेवायची. तक्त्यावर इंग्रजी 'ई' वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेला असतो. अक्षरओळख लागत नाही. 'ई'चे पाय वर आहेत, खाली आहेत, डावीकडं की उजवीकडं, एवढं हातानं दाखवायचं. दोरी हातभर आखूड पडली तर अधू नजरेचा माणूसही एखादी ओळ जास्त ओळखतो आणि त्याचं नाव यादीत यायचं राहून जातं. म्हणून बाहेर कितीही गर्दी जमू दे, दोरी मोजून झाल्याशिवाय आम्ही फाटक उघडत नाही.

मी निपाणीतल्या एका सेवाभावी क्लबाचा सभासद आहे. तंबाखूचे व्यापारी, डॉक्टर, मास्तर, विमा एजंट, कापड दुकानदार, यंत्रमागवाले अशी आमची मंडळी. सभेला घंटा वाजते, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं, वर्गणी थकलेल्यांची नावं निघतात, मग चहा आणि गप्पा. १ जुलैला नवा अध्यक्ष, नवा सेक्रेटरी, पदग्रहणाचा समारंभ, शाल आणि श्रीफळ. बाहेरच्यांना क्लब दिसतो तो एवढाच. बॅनरसमोर उभे असलेले आमचे फोटो वर्तमानपत्रात येतात आणि लोकांना वाटतं, हौस आहे यांची. हौस असतेच, तिच्याशिवाय कुणी रविवार मोडत नाही. पण त्या फोटोच्या आधी आणि विशेषतः नंतर जे करावं लागतं, ते लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

या क्लबांचं मूळ शिकागोचं. रोटरी १९०५ मध्ये सुरू झाली, लायन्स १९१७ मध्ये. १९२५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लायन्सचं अधिवेशन भरलं होतं. तिथं हेलन केलर यांनी अंधांचं काम अंगावर घ्या असं आवाहन केलं आणि तेव्हापासून डोळे हा लायन्सचा विषय झाला. रोटरीनं १९८५ पासून पोलिओ हातात घेतला. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसून बाळांच्या बोटाला शाई लावण्याचं काम आमच्या पिढीतल्या अनेकांनी केलंय. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा आमच्याकडंही पेढे वाटले गेले. खेड्यात मात्र हा क्लब लायन्सचा की रोटरीचा, याची चौकशी कुणी करत नाही. 'डोळ्याचं शिबिर हाय काय औंदा?' एवढंच विचारतात.

आपल्या भागात हे काम क्लबांच्याही आधीपासून माणसांना ठाऊक आहे. उत्तर कर्नाटकातल्या बिळगीचे डॉ. मुरुगप्पा मोदी १९४३ पासून गावोगाव फिरून मोतीबिंदू काढत. एका दिवसात ८३३ शस्त्रक्रिया केल्याची त्यांची नोंद गिनीज बुकात होती. त्या काळी डोळ्यात भिंग बसवत नसत. मोतीबिंदू काढला की बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा. तो फुटला की माणूस पुन्हा आंधळा. आता दहाएक मिनिटांत बिनटाक्याची शस्त्रक्रिया होते आणि कृत्रिम भिंग आत बसतं. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद संस्थेनं ही भिंगं देशातच बनवायला घेतली म्हणून ती गरिबाला परवडू लागली. शाळेत नाहीतर देवळात टेबल मांडून शस्त्रक्रिया करण्याचे दिवसही संपले. २०१४ मध्ये पंजाबात गुरदासपूरच्या शिबिरानंतर जंतुसंसर्ग होऊन अनेकांचे डोळे गेले, ते कुठलाही क्लब विसरू शकत नाही. आता गावात फक्त तपासणी, शस्त्रक्रिया इस्पितळातच.

तर गावात तपासणी. चार-पाच दिवस आधी रिक्षावर भोंगा लावून मराठी आणि कन्नडमध्ये पुकारायचं. बाजाराचा दिवस टाळायचा, तंबाखूच्या काढणीचे आठवडे टाळायचे, गावची जत्रा टाळायची. पहिल्या टेबलावर नाव, वय, आधार कार्ड आणि फोन नंबर. नंबर बहुधा नातवाचा असतो, म्हणून नातवाचं नावही लिहून घ्यायचं. ही एक ओळ लिहायची राहिली की महिन्याभरानं पेशंट शोधताना गाव पालथं घालावं लागतं. दुसऱ्या टेबलाशी तक्ता. तिसऱ्याला डॉक्टर बॅटरीनं बाहुली बघतात. पिकलेला मोतीबिंदू असला तर काळ्या बाहुलीत पांढरट, मोत्याच्या रंगाचा ठिपका आपल्यालाही दिसतो. 'अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू' ही समजूत अजून घट्ट आहे. पूर्वी ती खरी होती. आता जास्त पिकवला तर उलट काम अवघड होतं, हे प्रत्येकाला बसवून सांगावं लागतं. उन्हाळ्यात डोळ्यात पू होतो ही दुसरी समजूत. ती तर मुळातच खरी नाही, पण तिच्यापायी मार्चनंतर गर्दी निम्म्यावर येते.

पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं सरकारनं जे मोठं सर्वेक्षण २०१५ ते २०१९ या काळात केलं, त्यात दर तीन अंधांमागं दोघांचं कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे बरं होणारं अंधत्व. मला या आकड्याची चीड येते.

सगळेच मोतीबिंदूवाले नसतात. आमच्याकडं बिडी कामगार बाया पुष्कळ. चाळिशीच्या पुढं जवळचं दिसेनासं होतं आणि बिडीचं सगळं काम वीतभर अंतरावरचं. मांडीवर सूप, त्यात भिजवून कापलेली पानं आणि जर्दा. पान बोटांत धरायचं, तंबाखू पसरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं आणि दोऱ्याचा फेरा द्यायचा. एका बाईनं मला सांगितलं, 'दोरा दिसंना झालाय सर, बोटाच्या अंदाजानं बांधती.' अंदाजानं बांधलेली बिडी कारखान्यात छाट म्हणून बाजूला पडते आणि मजुरी हजार बिड्यांवर असते. म्हणजे जितकी छाट, तितका दिवस वाया. तिला अडीच नंबरचा जवळचा चष्मा लावून दिला. तिनं कमरेची पिशवी सोडली, आत दोऱ्याचं रीळ होतं, ते काढून डोळ्यांसमोर धरलं आणि दोऱ्याचा पीळ सुटा करून बघितला. मग शेजारच्या बाईला म्हणाली, 'आक्का, तू बी घे.' आसामातल्या चहाच्या मळ्यात चाळिशीपुढच्या मजुरांना असेच जवळचे चष्मे देऊन केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानतोड सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. असा चष्मा घाऊकात फार स्वस्त पडतो. एका पदग्रहण समारंभाच्या जेवणात अख्ख्या गल्लीचे चष्मे होतील आणि हे मी क्लबाच्या सभेतही बोललो आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथं येतो. चौथ्या टेबलावर रक्तदाब आणि साखर बघतात. तिथं नावं गळतात. मोतीबिंदू नक्की ठरलेला असतो, माणूस पिशवी भरून आलेला असतो, लुगडं, टॉवेल, भाकरी सगळं घेऊन. आणि मीटरवर साखर तीनशेच्या वर निघते. कित्येकांना आपल्याला साखर आहे हे त्याच टेबलावर पहिल्यांदा कळतं. डॉक्टर सांगतात, आधी गोळ्या घ्या, साखर खाली आली की या. डॉक्टरांचं बरोबरच आहे, तशा डोळ्याला हात लावणं धोक्याचं. पण म्हातारा माणूस 'या' म्हटल्यावर येत नाही. कुणाकडं यायचं, कुठं यायचं, कुणी न्यायचं? घरी सुनेला सांगतो, 'न्हाई म्हटले डॉक्टर.' आणि विषय मिटतो.

शिबिराचा अहवाल क्लबाच्या वरच्या कार्यालयाला जातो त्यात तपासलेले किती, शस्त्रक्रिया किती, चष्मे किती असे रकाने असतात. परत पाठवलेले किती, हा रकाना नसतो. त्यात वर्षाचा घोळ. एप्रिल-मे महिन्यात परत पाठवलेल्या माणसाची साखर ताळ्यावर येईपर्यंत जुलै उजाडतो, अध्यक्ष बदललेला असतो, नव्या अध्यक्षांचे संकल्प वेगळे, झाडं लावायची असतात, शाळेत संगणक द्यायचे असतात. कामं सगळी चांगलीच. पण जुन्या वर्षाचा माणूस दोन अध्यक्षांच्या मधल्या फटीत पडतो. वर्षाला माणूस बदलण्याच्या पद्धतीनं क्लबांत हुरूप टिकतो, हे मान्य. आजाराला मात्र १ जुलै माहीत नसते.

आमच्यात यावर एक साधा उपाय झाला. दोनशे पानी वही घातली. परत पाठवलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, नातवाचा नंबर, साखर किती होती आणि पुढं कधी बघायचं. ही वही अध्यक्षाकडं नसते, तीन वर्षांसाठी नेमलेल्या दोघांकडं असते. दर महिन्याला फोन, उचलला नाही तर गावात फेरी. गावातली आशाताई, दूध डेअरीचा सेक्रेटरी, देवळातला पुजारी यांची मोठी मदत होते. आपला पेशंट सकाळी डेअरीवर येतो का, एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं. दुसरा डोळा राहिलेलेही याच वहीत. एक डोळा झाला की माणूस म्हणतो, 'बास झालं, तेवढं दिसतंय,' आणि दुसरा तसाच पिकत राहतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बस पहाटे निघते. कधी बेळगावकडं, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, कधी कोल्हापूरला, कधी मिरजेला. मिरजेचं नाव आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी वॉन्लेस डॉक्टरांच्या मिशन इस्पितळापासून बसलेलं आहे. तिकडं न्यायचं म्हटलं की जास्त हात वर होतात. सीमाभागात राहणं म्हणजे काय, हे बसमध्ये कळतं. निपाणी गावाला खेटून असलेलं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. माणूस मराठी बोलतो, रेशन कार्ड कानडीत, इस्पितळ दुसऱ्या राज्यात, सरकारी आरोग्य कार्ड एका बाजूचं आणि दुखणं दोन्ही बाजूंचं. संमतीपत्र मराठीत असो की कानडीत, आम्ही ते मोठ्यानं वाचून दाखवतो आणि मगच अंगठा घेतो. रोटरीच्या नकाशात बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा एकाच ३१७० क्रमांकाच्या प्रांतात आहेत. तिथं कुणाला ही सीमा आडवी येत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. कोरोनात मात्र ती आली. २०२१ मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा दाखला मागत होते, बस बंद, आणि वही भरत गेली. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेच्या पुरानं यमगर्णीजवळ महामार्गच बंद पडला होता. तेव्हा क्लबांनी अन्न, चादरी, औषधं पोचवली. ते काम सगळ्यांनी पाहिलं, त्यावर वेगळं लिहायला नको.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघते. त्यानंतरचे दीड महिने खरे जिकिरीचे. थेंब आधी दिवसातून सहा वेळा, मग हळूहळू कमी. डोक्यावरून अंघोळ नाही, चुलीचा धूर नाही आणि तंबाखूच्या वखारीत तर पाऊल नाही. चाळणीच्या धुळीत नवा डोळा टिकत नाही. ही शेवटची अट सगळ्यात महाग. वखारीत जाणाऱ्या बाईची महिन्याची मजुरी बुडते आणि शस्त्रक्रिया फुकट असूनही ती नको म्हणते. म्हणून थेंबांच्या बाटलीबरोबर महिन्याचा शिधा द्यायला आम्ही सुरुवात केली. तांदूळ, डाळ, तेल, चहा-साखर. ज्या घरात शिधा गेला त्या घरातली बाई धुळीत लवकर परतत नाही, हा आमचा अनुभव आहे. एका मावशींकडं थेंब चुकत नाहीत ना हे बघायला गेलो तेव्हा त्यांनी भिंतीवर कोळशानं रोजच्या सहा रेघा ओढून ठेवल्या होत्या आणि थेंब पडला की एक रेघ पुसत होत्या. 'घड्याळ कळत न्हाई, पण रेघा कळत्यात,' म्हणाल्या. ती पद्धत आता आम्ही सगळ्यांना सांगतो.

या भागातल्या प्रत्येक क्लबाच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ३० जूनला कार्यभार सोपवताना बँकेचं पासबुक आणि घंटा देण्याआधी राहिलेल्यांची यादी द्या. नसेल तर गेल्या शिबिराचे कागद काढून ती तयार करा, नावं त्यातच आहेत. आणि वाचकहो, तुमच्या घरात, गल्लीत कुणाला 'साखर कमी झाल्यावर या' असं सांगून परत पाठवलं असेल, तर त्यांची साखर या आठवड्यात तपासून घ्या आणि जवळच्या कुठल्याही क्लबाच्या माणसाला त्यांचं नाव कळवा. क्लब कुठला, राज्य कुठलं, हे बघू नका.