बँटिंग यांचें वजन कसें उतरलें

स्वीडिश भाषेंत आहार आवरून वजन उतरविणें या अर्थीं ‘बांता’ असें एक क्रियापद रूढ आहे. तें त्या भाषेच्या कोणत्याही जुन्या धातूपासून निघालेलें नाहीं. एका इंग्रज गृहस्थांच्या आडनांवावरून तें बनलेलें आहे. विल्यम बँटिंग हें त्यांचें नांव. लंडन शहरांत अंत्ययात्रांची व्यवस्था करणारी त्यांच्या घराण्याची जुनी पेढी होती, आणि १८५२ सालीं निघालेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या भव्य अंत्ययात्रेची व्यवस्थाही याच पेढीनें पाहिली होती. इन्सुलिनच्या शोधामुळें जगाला परिचित झालेले डॉ. फ्रेडरिक बँटिंग ते हे नव्हत. हे बँटिंग वैद्य नव्हते कीं शास्त्रज्ञ नव्हते. वयाच्या ६६ व्या वर्षीं त्यांनीं आपलें वजन उतरविण्यास आरंभ केला, आणि तें कसें उतरलें याचा हिशेब १८६३ सालीं एका लहानशा पुस्तिकेंत छापून ती लोकांस फुकट वाटली. त्यांची ही हकीकत आज सांगावयाची, आणि तींतून आपल्या घरच्या ताटाविषयीं काय शिकतां येईल तें पाहावयाचें, असा या भाषणाचा हेतु आहे.

बँटिंग यांची उंची सुमारें ५ फूट ५ इंच. आणि १८६२ च्या ऑगस्टमध्यें त्यांचें वजन होतें २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. ते आळशी किंवा खादाड असले पाहिजेत, असा तर्क कोणीही सहज करील. परंतु त्यांचें सारें आयुष्य कामांत गेलें होतें, आणि खाण्यापिण्यांतही आपण कधीं अतिरेक केला नाहीं असें त्यांनीं स्पष्ट लिहून ठेविलें आहे. तरीही त्यांची अवस्था अशी झाली होती कीं, वांकून बुटाची नाडी बांधणें त्यांना अशक्य होई. जिना चढतांना धाप लागे. आणि उतरतांना गुडघ्यांना व घोट्यांना धक्का बसूं नये म्हणून पाठमोरें होऊन एकेक पायरी उतरावी लागे. शरीराच्या या यातनांहूनही त्यांना लोकांचें बोलणें अधिक लागत असे. गाडींत बसलें कीं शेजारी कुजबुजत. रस्त्यानें निघालें कीं रिकामटेकडे लोक शेरे मारीत. अखेर सभासमारंभांना जाणेंच त्यांनीं सोडून दिलें.

उपाय केले नव्हते असें मुळींच नाहीं. वीस-तीस वर्षें हा गृहस्थ उपाय करीतच होता. समुद्रस्नानें झालीं, घोड्यावरची रपेट झाली, वाफेचीं तुर्की स्नानें झालीं, औषधांच्या बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या झाल्या. लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट या गांवच्या प्रसिद्ध झऱ्यांचें पाणी पिऊन झालें. त्यांतला एक प्रयोग विशेष बोधप्रद आहे. एका शल्यवैद्यांनीं त्यांना भरपूर व्यायाम करण्यास सांगितलें. बँटिंग नदीकांठीं राहात असत. तेव्हां त्यांनीं एक जड होडी घेतली आणि रोज पहाटे दोन तास ती वल्हविण्याचा क्रम सुरू केला. स्नायू बळकट झाले हें खरें. परंतु त्याबरोबर भूकही अशी प्रखर झाली कीं ती भागविल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. वजन उतरण्याऐवजीं वाढूं लागलें, आणि तो व्यायाम सोडावा लागला.

यांतलें मर्म आज अंकांनीं सांगतां येतें. सत्तर किलो वजनाचा मनुष्य तासभर झपाट्यानें चालला तर साधारणपणें अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात. तेवढी शक्ति दोन बटाटेवड्यांनीं सहज परत मिळते, आणि ते खाण्यास पांच मिनिटें पुरतात. व्यायाम निष्फळ आहे असा याचा अर्थ नव्हे. त्याचें खरें स्थान पुढें येईलच. परंतु ताट जसेंच्या तसें ठेवून केवळ घाम गाळून वजन उतरवूं पाहणें, हें टांकीचा नळ चालू ठेवून तळाशीं वाटीनें पाणी उपसण्यासारखें आहे.

बँटिंग यांना मार्ग सांपडला तो वजनासाठीं नव्हे, तर कानासाठीं वैद्याकडे गेल्यामुळें. १८६२ सालीं त्यांना ऐकूं येईनासें झालें, आणि कर्णरोगांचे तज्ज्ञ विल्यम हार्वे यांच्याकडे ते गेले. हार्वे यांनीं १८५६ सालीं पॅरिसमध्यें क्लोद बेर्नार यांचीं मधुमेहावरील व्याख्यानें ऐकलीं होतीं. यकृतांत शर्करा कशी निर्माण होते, हा त्या व्याख्यानांतला विषय. गोड व पिष्टमय पदार्थांनीं गुरें लठ्ठ होतात, मग माणूस कां होऊं नये, असा विचार हार्वे यांच्या मनांत तेव्हांपासून घोळत होता. बँटिंग यांचें ऐकणें मंदावण्याचें कारण त्यांची स्थूलताच आहे, असें हार्वे यांनीं ठरविलें आणि त्यांचा आहार बदलून टाकला.

पूर्वीचा आहार असा होता: सकाळीं दूधपाव, किंवा भरपूर दूधसाखरेचा मोठा पेलाभर चहा आणि लोणी लावलेला भाजका पाव, दुपारीं मांस, बिअर, पुष्कळसा पाव आणि मैद्याचें गोड पक्वान्न, संध्याकाळीं पुन्हां सकाळसारखाच चहा, आणि रात्रीं फळांचें गोड पक्वान्न किंवा दूधपाव. यांत राक्षसी असें कांहींच नाहीं. चार सभ्य घरांत चालतें तेंच हें खाणें. नव्या आहारांत पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा हीं वर्ज्य झालीं. सकाळीं चार-पांच औंस मांस किंवा मासे, औंसभर कोरडा भाजलेला पाव व दूधसाखरेवांचून चहा. दुपारीं पांच-सहा औंस मासे किंवा मांस, बटाट्याखेरीज कोणतीही भाजी व पुन्हां औंसभर पाव. संध्याकाळीं थोडीं फळें. रात्रीं तीन-चार औंस मांस किंवा मासे. औंस म्हणजे सुमारें २८ ग्रॅम. त्याबरोबर दोन वेळां थोडें द्राक्षमद्यही होतें.

१८६३ च्या सप्टेंबरपर्यंत वजन २०२ पौंडांवरून १५६ पौंडांवर आलें. म्हणजे सुमारें वर्षभरांत ४६ पौंड, जवळजवळ २१ किलो, उतरले, आणि कंबरेचा घेर बारा इंचांहून अधिक घटला. जिना सरळ तोंडानें उतरतां येऊं लागला, बुटाची नाडी स्वतःच्या हातानें बांधतां येऊं लागली, आणि ऐकणेंही सुधारलें. वजनाचे आंकडे तारीखवार टिपून ठेवण्याची शिस्त त्यांनीं वर्षभर पाळली होती. तें कोष्टक पाहिलें तर आठवड्याची सरासरी घट पौंडाहूनही कमी भरते. एका महिन्यांत काया पालटण्याचीं आश्वासनें ज्यांच्या कानावर रोज पडतात, त्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

हें वजन उतरलें कशानें? हार्वे यांच्या मतें, पिष्ट आणि शर्करा टाळल्यानें. आजचें शास्त्र याला अर्धा होकार देतें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत ६०९ स्थूल स्त्रीपुरुषांवर केलेला एक प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्यांनीं स्निग्ध पदार्थ कमी केले, निम्म्यांनीं पिष्टमय पदार्थ कमी केले; साखर व मैदा टाळून भाज्या भरपूर खाण्यास मात्र दोघांसही सांगितलें होतें. वर्षअखेर पहिल्या गटाचें वजन सरासरी ५.३ किलोंनीं व दुसऱ्याचें ६ किलोंनीं उतरलें, आणि हा फरक महत्त्वाचा ठरला नाहीं. तात्पर्य, एखाद्या एकाच अन्नघटकाला वैरी ठरविण्यांत अर्थ नाहीं. बँटिंग यांच्या ताटांतून गेले ते पोट न भरतां शक्तीची भर घालणारे पदार्थ: साखर, बिअर, लोणी, मैदा. त्यांच्या जागीं आलीं प्रथिनें व भाज्या, ज्यांनीं पोट भरल्याचें समाधान अधिक वेळ टिकतें. एकूण अन्न सहजच कमी झालें, आणि उपाशी राहिल्याचें दुःख झालें नाहीं. म्हणूनच तो क्रम टिकला.

त्यांचें ताट जसेंच्या तसें उचलावें असें मात्र नाहीं. मद्याला आरोग्यदायी मानण्यास आज आधार नाहीं. मांसाहारही अपरिहार्य नाहीं. आमटी, उसळ, ताक, पनीर, अंडीं, मासे यांतून ज्याला जें चालतें त्यानें प्रथिनें मिळवावीं. मधुमेहाचीं किंवा रक्तदाबाचीं औषधें चालू असतील, मूत्रपिंडाचा विकार असेल, अथवा स्त्री गर्भवती असेल, तर वैद्याच्या सल्ल्यावांचून असा बदल करूं नये.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विचारांत घ्यावी लागते. किलोंतील वजनाला मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागिलें म्हणजे जो आंकडा येतो त्याला शरीरभारांक म्हणतात. बँटिंग यांचा तो सुमारें ३४ वरून २६ वर आला होता. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचेंच छायाचित्र छापलें. दोघांचाही शरीरभारांक नेमका २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के! दिसण्यांत सडपातळ असलेल्या आपल्या लोकांतही मेद किती दडलेला असूं शकतो, याचा याहून बोलका दाखला मिळणार नाहीं. म्हणून भारतीयांसाठीं शरीरभारांकाची मर्यादा २३ धरितात, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर याच्या आंत असावा असें सांगतात. घरांत वजनकांटा नसला तरी चालेल. शिवणकामाची टेप असतेच.

आतां आपल्या ताटाकडे वळूं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणें वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी, शक्य तर पांच टक्क्यांहून कमी असावी. दोन हजार कॅलरींच्या आहारांत हें प्रमाण अनुक्रमें पन्नास व पंचवीस ग्रॅम पडतें. दिवसांत चार कप चहा व प्रत्येकांत दोन चमचे साखर धरली, तर तीस-चाळीस ग्रॅम साखर ताटावर बसण्यापूर्वींच पोटांत गेलेली असते. उपासाच्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर शेंगदाण्याचा लाडू असा बेत झाला, तर देव प्रसन्न होईल. कंबर होणार नाहीं. पोळ्या व भात यांचें प्रमाण थोडें उतरवावें, कोशिंबीर व पालेभाजी यांचें दुप्पट करावें, आमटी पातळ पाण्यासारखी न करतां घट्ट ठेवावी, आणि फोडणीचें तेल चमच्यानें मोजावें; एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारें १२० कॅलरी होतात.

येथें घरांतील गृहिणीचा प्रश्न येतो. सर्वांचीं जेवणें झाल्यावर पातेल्यांत उरलेला भात आणि मुलांच्या पानांतली अर्धी पोळी ‘अन्न वायां जाऊं नये’ म्हणून तिच्याच पोटांत जाते. तिला कोणी खादाड म्हणत नाहीं; पण वजन वाढलें कीं बोलणीं मात्र तिलाच बसतात. तिनें सर्वांबरोबर पान वाढून घ्यावें आणि उरलें तें झांकून ठेवावें, ही साधी सोय घरांतल्या पुरुषांनीं आग्रहानें घडवून आणावी. पाहुण्याला चौथी पुरणपोळी वाढण्याच्या आग्रहापेक्षां हा आग्रह अधिक प्रेमाचा होईल.

व्यायामाचें स्थान आतां सांगतां येईल. आहार कमी करून वजन उतरतें तेव्हां मेदाबरोबर स्नायूही झिजतात. व्यायाम ती झीज रोखतो. उतरलेलें वजन पुन्हां चढूं न देण्यास, रक्तांतील साखर आवरण्यास आणि हृदय सुदृढ ठेवण्यास तो उपयोगी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. झपाट्यानें चालणें, सूर्यनमस्कार, बैठका, जिना चढणें यांनीं हें सर्व साधतें. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं खुर्चीवरून हात न टेकतां उठण्याबसण्यापासून आरंभ करावा.

बँटिंग १८७८ सालीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं वारले. स्थूल माणसाला हंसून त्याचें वजन उतरत नाहीं. त्यानें तो फक्त चारचौघांत येणें सोडतो, आणि वैद्याकडे जाण्यासही संकोचतो. त्याच्या हितचिंतकांना कांहीं करावयाचेंच असेल, तर त्यांनीं त्याच्या ताटांत काय वाढलें जातें तें पाहावें, तेंच आपल्याही ताटांत वाढून घ्यावें, आणि संध्याकाळीं त्याच्याबरोबर अर्धा तास चालावयास जावें.