भाकरी कमी केली, तरी कोलेस्टेरॉल का वाढलं?

वजन आणि साखर उतरावी म्हणून आपल्या वस्तीत बऱ्याच जणांनी भात, चपाती, बटाटा कमी केला आहे. त्याचा फायदाही होतो. पण काही घरांत रिपोर्ट उलटा येतो. वजन उतरतं आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. अशा वेळी आम्ही आधी विचारतो, हे तुमच्या घराण्यातच तर नाही ना?

आपलं लिव्हर रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतं. त्यासाठी लिव्हरच्या पेशींवर जणू दारं असतात. आई किंवा वडिलांकडून एक सदोष जनुक आलं, तर यातली साधारण निम्मी दारं नीट चालत नाहीत. मग एलडीएल जन्मापासून रक्तात साचत राहतं, माणूस बारीक असो की जाड. साधारण दर २५० माणसांत एकाला हा दोष असतो. म्हणून "आमच्या घरात पुरुष पन्नाशी गाठत नाहीत" असं कुणी म्हटलं, तर ते नशीब नाही आणि करणीही नाही. आधी रक्त तपासा.

संशय कधी घ्यावा?
- मोठ्या माणसाचं एलडीएल १९० किंवा जास्त, मुलाचं १६० किंवा जास्त असेल तर.
- जवळच्या नात्यात पुरुषाला ५५ च्या आत, बाईला ६० च्या आत हार्ट अटॅक आला असेल तर.
- टाचेमागची शीर जाड, गाठाळ झाली असेल किंवा पापण्यांजवळ पिवळे चट्टे असतील तर.

आता जेवणाचं. भाकरी कमी केल्यावर ताटात तिच्या जागी काय आलं, ते महत्त्वाचं. तूप, लोणी, मलई, चीज, खोबरं, मटणाची चरबी जास्त खाल्ली तर चालू असलेली दारंही कमी होतात. ज्याच्याकडे मुळात निम्मीच दारं आहेत, त्याचं नुकसान मोठं. वनस्पती तूप तर घरात आणूच नका. त्याऐवजी मूग, मटकी, हरभरा, पालेभाज्या, मूठभर शेंगदाणे, मासे, कातडी काढलेलं चिकन घ्या. स्वयंपाकाला शेंगदाणा, करडई किंवा सोयाबीनचं तेल वापरा, तेही मोजून. सोबत अर्धी ज्वारीची भाकरी असली तरी बिघडत नाही. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी-भात तोडू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.

मात्र घराण्यातून आलेलं कोलेस्टेरॉल नुसत्या पथ्याने पुरेसं उतरत नाही. त्याला स्टॅटिनची गोळी लागते, आणि बहुधा कायमची. जनऔषधी केंद्रात ती स्वस्त मिळते. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद करू नका, कारण तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो. मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील, तर बाईने लगेच डॉक्टरांना सांगावं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकाला हा दोष निघाला, तर त्याच्या प्रत्येक मुलाला, भावाला, बहिणीला तो असण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा धडधाकट दिसतो म्हणून थांबू नका. मुलांना साधारण ८ ते १० वर्षांपासून डॉक्टर औषध सुरू करू शकतात. बापाला अटॅक आल्यावर धावाधाव होते, तशीच धावाधाव पोरांच्या तपासणीसाठीही करा. त्यांचं आयुष्य अजून वाचवता येतं.